मडगार्डवरची जागा

मागच्या अंकात उन्हाळी नांगरटीवर लिहिताना सहज म्हणून गेलो की माझी निम्मी सुट्टी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गेली, तर त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की खतं-औषधांचे प्रश्न ह्यावेळी बाजूला ठेवावे लागले. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देतो, रागवू नका. आज फक्त जुने ट्रॅक्टर.

प्रश्न : नमस्कार. आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे, आता पिंपरीत असतो. १९७५-७६ च्या सुमाराला मामाच्या रानात नांगरायला भाड्याचा ट्रॅक्टर यायचा. त्याचा आवाज मोटारीसारखा सलग नव्हता, डग... डग... डग असा मोजता येईल असा होता आणि मला पक्कं आठवतंय की त्याच्यात कधी पाणी ओतलेलं बघितलं नाही. मेव्हणा म्हणतो पाण्याशिवाय ट्रॅक्टर चालतच नाही, तुमचं काहीतरीच. शंभर रुपयांची पैज लागलीय. कोणता असेल?

उत्तर : मेव्हण्याकडून शंभर रुपये घ्या. आयशर होता तो. जर्मनीच्या आयशर कंपनीच्या मदतीनं फरिदाबादला १९५९ पासून हे ट्रॅक्टर बनायला लागले आणि त्यांच्या लहान ट्रॅक्टरचं इंजिन एका सिलिंडरचं, हवेवर गार होणारं. रेडिएटरच नाही तर पाणी ओतणार कुठं? सिलिंडरला बाहेरून लोखंडी पाकळ्या आणि त्यांच्यावर पंख्याची हवा, बास. पहाटे गारठ्यात आम्ही पोरं त्या बाजूला जाऊन उभी राहायचो, तिथं गरम हवा यायची, डायवर शिव्या घालायचा.

आणि आवाजाचं म्हणाल तर एका सिलिंडरला इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठोका पडतो, त्यामुळं थ्रॉटल खाली असला की ठोके मोजता येतात. दोन सिलिंडरचा जरा घाईत बोलतो, त्यात पिंजोरला १९७१ पासून बनलेला एचएमटी झेटॉर आला आणि १९७४ चा स्वराज ७२४ आला, ज्याच्यात आपल्याकडचं किर्लोस्करचं इंजिन होतं. मॅसी तीन सिलिंडरचा, महिंद्राचा बी-२७५ चार सिलिंडरचा, त्याचे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घुं ऐकू यायची. शाळेच्या पत्र्याखाली बसून आम्ही न बघता सांगायचो कुणाच्या रानात कुठला ट्रॅक्टर उतरलाय, गुरुजी फळ्याकडं तोंड करून असायचे आणि मागं पैजा चालायच्या, तुमच्यासारख्याच, पण चिंचोक्यांच्या.

एक सांगतो, ट्रॅक्टर ओळखताना रंगावर जाऊ नका. मला लोक विचारतात, "निळा होता, फोर्डच ना?" बऱ्याचदा असतोही, फोर्ड ३००० निळाच होता. पण भाड्यानं फिरणारे ट्रॅक्टर दर दोन-चार वर्षांनी जो रंग हाताला लागेल त्यानं रंगवले जायचे. आवाज मात्र रंगवता येत नाही, म्हणून कानाला लक्षात राहिलेलं जास्त खरं धरा.

प्रश्न : दादा, आमचं गाव अकोल्याजवळ. लहानपणी वावरात ट्रॅक्टर आला की बाबाचं आणि डायवरचं भांडण ठरलेलं. बाबा म्हणे औंदा मधातून सुरू कर, डायवर म्हणे धुऱ्याकडून सोपं जाते. मला तवाही समजलं नाही अन् आताही नाही. अजून एक, मी मडगार्डवर बसलो की नेहमी तिरपा का असायचो? फोटोत पण ट्रॅक्टर कलंडल्यासारखा दिसतो. जमीन तर सपाट होती आमची.

उत्तर : तुमचे बाबा बरोबर होते, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. तेव्हाचा ट्रॅक्टरचा नांगर एकमार्गी. दोन फाळ असले तरी माती पडायची फक्त उजव्या हाताला. आताचा पलटी नांगर बांधावर आला की उलटा होतो आणि परतीच्या तासालाही (तास म्हणजे नांगराची एक ओळ) माती त्याच अंगाला पाडतो, तसं त्या वेळी नव्हतं. आता विचार करा, वावराच्या मधातून सुरू केलं, एक तास गेलं, उजवीकडं वळून शेजारून परत आलं, तर दोन्ही वेळेला माती मधे पडली, म्हणजे मधे वरंबा झाला. धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, सुरू करून आत आत येत गेलं तर दर फेरीला माती बाहेर फेकली जाते आणि शेवटी मधोमध चर राहते. डायवरला धुऱ्याकडून सोपं जायचं कारण त्याला नुसतं गोल फिरायचं असायचं. पण पाच वर्षं तसंच केलं तर माती धुऱ्याला चढते, वावराची परात होते आणि पाऊस मधे साचून तिथली कपाशी पिवळी पडते. म्हणून एक साल मधातून, एक साल धुऱ्याकडून. माझा चुलता तर घरातल्या भिंतीवर कोळशानं बाण काढून ठेवायचा, औंदा कुठनं, डायवर बदलला तरी बाण बदलत नव्हता.

आता तिरपं बसण्याचं. ट्रॅक्टरची उजवीकडची चाकं आधीच्या तासात, डावीकडची कोऱ्या रानावर. तास आठ-नऊ इंच खोल, तेवढा ट्रॅक्टर उजवीकडं कललेला, दिवसभर. त्यामुळं मडगार्डच्या दोन जागा सारख्या नव्हत्या. डावीकडं बसलं की उंचावर, लांबपर्यंत दिसायचं पण सारखं डायवरच्या अंगावर घसरायचं. उजवीकडं बसलं की खाली वाकून बघता यायचं, फाळावरनं माती चढते, वळते आणि उलटी पडते, खालची काळीशार ओली बाजू वर येते आणि पाच मिनिटांत उन्हानं राखाडी होते. मी कायम उजवीकडची जागा मागायचो. ती जागा जास्त वाईट, का ते खाली एका पोराच्या प्रश्नात सांगतो.

तुमच्या फोटोत डायवरचा एक हात मागं लिव्हरवर असेल बघा. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसानं नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची आणि हायड्रॉलिकवर उचलायची पद्धत बसवली, १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला निघालेल्या त्याच्या करड्या ट्रॅक्टरनं ती जगभर गेली, आज कुठलाही ट्रॅक्टर बघा मागं तेच तीन पॉइंट दिसतील. त्याच्या आधी नांगर गाडीसारखा मागं ओढत न्यायचे. फर्ग्युसनची खरी हुशारी उचलण्यात नाही, ती टॉप लिंकमधे, म्हणजे तीन पॉइंटांतल्या वरच्या दांड्यात आहे. नांगर कडक जागी अडला की टॉप लिंकवर दाब येतो, तो दाब हायड्रॉलिकला कळतो आणि नांगर आपोआप इंचभर वर येतो, कडक जागा गेली की परत खाली. इंजिन दबत नाही, चाक जागच्या जागी फिरत नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं डायवरच जादू करतोय, आणि डायवर पण तसंच वाटू द्यायचा.

प्रश्न : मी नाशिकची, माहेर निफाडकडचं. ट्रॅक्टर चालू झाला की पाठीमागं पांढऱ्या बगळ्यांची रांग लागायची ते अजून डोळ्यापुढं आहे. मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा बांधावर बसून तेच बघत बसायचे, कारण ट्रॅक्टरवर भावांना जागा असायची, आम्हाला नाही. एवढ्या आवाजाला ते बगळे घाबरत कसे नव्हते? आणि आता का दिसत नाहीत?

उत्तर : ताई, ते गायबगळे. आधी गुरांच्या मागं फिरायचे, गुरांच्या पायानं गवतातले किडे उडतात ते खायला. मग बैलाच्या नांगरामागं, मग ट्रॅक्टरमागं. त्यांच्या दृष्टीनं ट्रॅक्टर म्हणजे फार मोठा आणि फार खोल खुरांचा बैल. त्यांच्यासोबत साळुंक्या आणि कोतवाल पण असायचे, कोतवाल बहुधा वरच्या वर उडता किडा धरतो. नांगरटीत हुमणीच्या पांढऱ्या गलेलठ्ठ अळ्या वर येतात, घाटेअळीचे कोष येतात, आणि ह्या पंगतीला आमंत्रण लागत नाही. उन्हाळी नांगरट करा असं जे आपण सांगतो त्यात निम्मं काम उन्हाचं आणि निम्मं ह्या पाखरांचं. रात्री रोटाव्हेटर मारला तर बगळा कुठनं येणार? दिवसा नांगर घालून बघा, अजून येतात. आमच्याकडं येतात.

जागेचं जे लिहिलंय ते वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमच्या घरातही तसंच होतं. माझी थोरली बहीण डिझेलचा डबा डोक्यावर घेऊन रस्त्यापासून रानापर्यंत यायची, फडक्यातनं गाळून टाकीत ओतायची, टाकीत किती राहिलंय ते काठी घालून बघायची, आणि मग खाली उभी राहायची. क्लच सोडताना झटका का बसतो हे मला तिनं सांगितलंय, बांधावर बसून नुसतं बघून तिला कळलं होतं. मी वर बसून मला नव्हतं कळलं.

प्रश्न : काका, मी फलटण तालुक्यातला, वय २४. आजोबांचा बी-२७५ आठ-नऊ वर्षं शेडात उभा आहे. आजोबा आता थकलेत, त्यांची इच्छा आहे एकदा सुरू झालेला बघायचा. मित्र म्हणतो नवीन बॅटरी लावून सेल्फ मार. करू का? आणि सुरू झाला तर माझ्या पुतण्याला मडगार्डवर बसवून एक फेरी मारायची आहे, आजोबा मला बसवायचे तशी.

उत्तर : सेल्फ मारू नकोस. आधी बघ सायलेन्सरवर डबा होता का. जुनी माणसं ट्रॅक्टर उभा केला की धुराड्यावर पालथा डबा ठेवायची, तो नसेल तर आठ पावसाळ्यांचं पाणी सरळ इंजिनात उतरलेलं असू शकतं, नाहीतर उंदरानं घर केलेलं असतं. इंजिन ऑइलची पट्टी काढ, ऑइल दुधावरच्या सायीसारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी आहे, मग पुढं काही करू नको, मिस्त्रीला बोलव. ऑइल काळं असेल तरी बदल. टाकीतलं डिझेल पूर्ण काढ, त्याचा आता चिकट गाळ झालेला असतो. चारी नोझल (सिलिंडरमधे डिझेल फवारतात ते) काढून प्रत्येक सिलिंडरमधे थोडं ऑइल सोड आणि दोन दिवस तसंच राहू दे. मग गिअर न्यूट्रल आहे का बघून हातानं इंजिन फिरवून बघ. सहज फिरलं तर नशीबवान आहेस. अडलं तर जोर करू नको, अजून ऑइल, अजून दोन दिवस. घाई केलीस की पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि मग आजोबांची इच्छा महागात पडते.

फिरलं की नवीन फिल्टर, नवीन डिझेल, आणि मग डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढायची. आपल्या मुलखात "एअर घेतली" हा शब्द न ऐकलेला माणूस नसेल. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला कर, हातपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसती डिझेलची धार आली की स्क्रू आवळ. मग पंपाचा. मग नोझलला जाणाऱ्या पायपांचे नट अर्धा आटा ढिले कर आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. तिथं हात लांब ठेव, नोझलचा फवारा कातडीच्या आत घुसतो, लागल्यावर नुसता बारीक ठिपका दिसतो आणि काही तासांतच हात सुजतो. मी एकदा एका मिस्त्रीच्या भरवशावर हे सगळं सोडलं होतं, तो म्हणाला पंप गेलाय, पंप खोलून नेला, महिन्यानं आणून बसवला, पैसे घेतले, आणि मग कळलं टाकीच्या तोटीत गवताची काडी अडकलेली होती. तेव्हापासून मी आधी काडी शोधतो.

स्पेअर पार्टची काळजी करू नको. हे मॉडेल मूळचं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं, इंग्लंडचं. महिंद्रा, व्होल्टास आणि हार्वेस्टर ह्यांनी १९६३ साली मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला ते बनायला लागलं, ३५ हॉर्सपॉवर, आणि पुढं इतकी वर्षं इतके विकले गेले की तालुक्याच्या गावाला अजून पार्ट मिळतात.

आता पुतण्याचं. नाही. मी स्वतः दहा वर्षं मडगार्डवर बसलो आणि तुला नाही म्हणतोय, पण ऐक. उजवी जागा, जी मला आवडायची, ती तासाच्या बाजूला कललेली. मागचं चाक तुझ्या पायापासून वीतभर. मी नऊ वर्षांचा असताना कोपऱ्यावर वळताना हात सुटला, चुलत्यानं कॉलर धरली म्हणून आज उत्तरं लिहितोय. पडलो असतो ते चाकाच्या पुढंच.

अजून एक सांगतो म्हणजे कळेल. बांधावरचा बाभळीचा बुंधा काढायचा होता. साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीला लावायची असते, चुलत्यानं घाईत ती वर टॉप लिंकच्या पिनेला लावली. पहिला गिअर, क्लच सोडला, बुंधा हलला नाही, आणि पुढची चाकं उचलली. आवाज नाही, काही नाही, नुसतं बोनेट हळूहळू आभाळाकडं गेलं. साखळी उंचावर लावली की ट्रॅक्टर मागच्या चाकाभोवतीच उलटतो आणि वर बसलेला माणूस खाली येतो. चुलत्यानं क्लचवर पाय मारला, चाकं धाडदिशी खाली आली. तो उतरला, बिडी पेटवायला गेला आणि तीन काड्या मोडल्या. मी उजव्या मडगार्डवरच होतो. ह्या जुन्या ट्रॅक्टरना डोक्यावर लोखंडी कमान नाही, बेल्ट नाही, काही नाही. तू आजोबांना खुर्ची टाकून बांधावर बसव, पुतण्याला त्यांच्या मांडीवर दे, आणि तू एकटा एक तास मारून दाखव. दोघांनाही बगळे जास्त चांगले दिसतील.

प्रश्न : माझी पणजी म्हणे लोखंडी नांगरानं जमिनीला विष होतं असं म्हणायची, आणि आजी म्हणायची ट्रॅक्टरनं जमीन मेली. दोघी अडाणी होत्या का?

उत्तर : पणजी चुकली होती पण एकटी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी हेच म्हणाले आणि नांगर विकायला त्यांना घाम गाळावा लागला, पुढं किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच नांगरावर. आजी मात्र निम्मी बरोबर. ट्रॅक्टरचं वजन दीड टनाच्या वर, आणि दरवर्षी त्याच खोलीवर नांगरलं की फाळाच्या खाली कडक थर बसतो, मुळं तिथं जाऊन आडवी पसरतात. तासाच्या तळाला बोट घालून बघा, लागतो हाताला. खोली आलटून पालटून ठेवा. पण आजीला हेही विचारायला हवं होतं की ७२ च्या दुष्काळात दावणीचे बैल गेल्यावर पुढच्या साली रान कुणी नांगरलं. आणि हिशोब करून बघा, बैलाच्या नांगराचं तास सहा इंचाचं धरलं तर एक एकर नांगरायला माणूस नांगरामागं सुमारे २७ किलोमीटर चालतो. दोन फुटाच्या ट्रॅक्टर नांगराला पावणेसात किलोमीटर, तेही बसून. आमच्या काळ्या भारी रानात तर सहा-सहा, आठ-आठ बैल एका नांगराला जुंपायचे, नुसते बैल हाकायला पोरं लागायची, आणि त्या पोरांचं शाळेचं काय झालं ते गावात विचारा.

प्रश्न : पहिलं तास सरळ कसं मारायचं? दोन वर्षं प्रयत्न करतोय, वाकडंच येतं. – एक नवशिका, कडेगाव

उत्तर : चाकाकडं बघू नका, मागं नांगराकडं तर अजिबात बघू नका. समोरच्या बांधावर एखादी खूण धरायची, रेडिएटरची टोपी आणि ती खूण एका रेषेत ठेवायची आणि नजर तिथनं काढायची नाही. खूण झाड असेल तर उत्तम, नाहीतर काठीला पांढरं फडकं बांधून रोवा.

मला तेराव्या वर्षी चुलत्यानं पहिल्यांदा सीटवर बसवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "लांबचं काहीतरी धर आणि त्याच्याकडं चल." मी बघितलं तर समोर फाट्यावर लाल एसटी उभी होती, रानात तिच्याएवढं ठळक दुसरं काहीच नव्हतं. धरली. अर्ध्या रानापर्यंत तास असं सरळ आलं की चुलता मागनं काही बोलला नाही. मग कंडक्टरनं बेल मारली असणार. एसटी विट्याकडं निघाली आणि मी पण निघालो. त्याच तासाला धरून पुढची सगळी तासं पडली आणि ढेकळं उन्हात तापायला तशीच ठेवली, कुळव मृगाला. तोवर दोन महिने रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, काय रं, विट्याला जायचं होतं का?